लिस्बन दोन दिवसांत: गुडघे सांभाळून, इतिहास न सोडता

आधी प्रश्न थोडक्यात. फ्रँकफर्टला नोकरी करणारं जोडपं, पुण्याहून आलेले आईबाबा. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लिस्बनला उतरायचं आणि रविवारी रात्रीच्या विमानाने परतायचं. आई अडुसष्ट वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात. बाबांना इतिहासाचं वेड. सगळे शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं. यादीत किल्ला, 28 नंबरची ट्राम, नदीकाठचा बेलें हा भाग, लिस्बनबाहेरच्या सिंत्रा गावातले राजवाडे, फादो गाण्याची मैफल, शिवाय जमलं तर समुद्रकिनारा. "एवढं सगळं बसेल का?"

नाही बसणार. बसवलंत तर आईंना लिस्बन म्हणजे फक्त पायऱ्या आठवतील. मी मूळची वसईची. गेली बारा वर्षं लिस्बनमध्ये गाइडचं काम करते आणि त्यात आपल्याकडचे आईवडील घेऊन येणारी मुलं बरीच असतात. त्या अनुभवावरून सांगते: सिंत्रा काढा, किल्ला काढा, समुद्रकिनारा काढा. उरलेलं शहर एका धाग्यात ओवा. तो धागा म्हणजे 1 नोव्हेंबर 1755 चा भूकंप. लिस्बनची कोणतीही इमारत समोर आली की एकच प्रश्न विचारायचा, ही भूकंपाच्या आधीची की नंतरची? बाबांना दोन दिवस तेवढा प्रश्न पुरेल.

पण आधी गुडघ्यांचं बोलू, कारण सगळा बेत त्यावर ठरतो.

लिस्बनबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो: ट्रामने वर जा आणि आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून रमतगमत खाली चालत या. तरुणांना तो ठीक आहे. ज्यांचे गुडघे झिजलेत त्यांना मात्र चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं. उतरताना प्रत्येक पायरीला अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो. पहिल्या वर्षी मीही एका काकूंना तशीच आल्फामातल्या सांतालुझियापासून खाली घेऊन आले. त्या वाटेत काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडू शकल्या नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे की गुडघेदुखी असेल तर चढताना वाहन आणि उतरतानाही वाहन. चालायचं ते सपाटीवर.

सुदैवाने शहराचा मधला भाग, बायशा, पूर्ण सपाट आहे. हॉटेल तिथेच घ्या. खोली ठरवण्यापूर्वी मात्र फोन करून दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या आहेत. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बायशातल्या बऱ्याच इमारती अठराव्या शतकातल्या आहेत. लिफ्ट नंतर बसवलेली असते आणि कधीकधी ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते. संकेतस्थळावर "लिफ्टची सोय" असं लिहिलेलं खोटं नसतं, पण त्या आधीच्या वीस पायऱ्यांचा उल्लेख नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चपला-बूट. इथले पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसॉल्टच्या काळ्या चिऱ्यांचे असतात. मुठीएवढे दगड हाताने ठोकून बसवलेले, त्यांना काल्सादा म्हणतात. रोसियु चौकातल्या त्यांच्या काळ्यापांढऱ्या लाटा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत आणि बघत राहाव्यात इतक्या सुंदर आहेत. पण लाखो पावलांनी ते दगड गुळगुळीत झालेत. नोव्हेंबर हा पावसाचा महिना, आणि पाऊस पडला की शेवाळ धरलेल्या घाटाच्या पायरीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. आईंसाठी रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घ्या. घडीची काठी बॅगेत टाका. "मला कशाला काठी" असं त्या म्हणतील, तरी टाका.

आता बेत.

शुक्रवारी विमानतळावरून थेट मेट्रो घ्या. तांबडी लाइन विमानतळातूनच सुटते, आलामेदाला हिरव्या लाइनवर बदलायचं, रोसियु किंवा बायशा-शियादुला उतरायचं. अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. बॅगा जड असतील तर टॅक्सी करा, विमानतळ शहरातच आहे. स्टेशनवरच्या यंत्रातून प्रत्येकासाठी वेगळं 'नावेगांत' कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा. मेट्रो, ट्राम, बस, लोकल, नदीवरची बोट, सगळ्याला तेच चालतं. एका कार्डावर चौघं जाता येत नाही, तपासनीस आला तर दंड होतो.

शनिवार भूकंपाच्या शहराचा. सकाळी साडेनवाच्या सुमाराला रोसियुजवळच्या साँव दुमिंगुश चर्चमध्ये जा. प्रवेशाला तिकीट नाही. बाहेरून हे चर्च साधं दिसतं, त्यामुळे लोक पुढे निघून जातात. आत गेलात की थांबाल. खांबांचे दगड तडकलेले, कडा उडालेल्या, काही ठिकाणी मूठ आत जाईल इतका ढलपा गेलेला. 1531 च्या भूकंपाने हे चर्च हादरलं, 1755 च्या भूकंपाने जवळजवळ पाडलं, पुन्हा बांधलं, तर 1959 मध्ये आग लागून आतलं सगळं खाक झालं. 1994 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा छत नवं घातलं, पण जळालेले खांब तसेच ठेवले. मी पाहुण्यांना एका खांबापाशी नेते आणि हात लावायला सांगते. दगड भाजला की त्याचे पापुद्रे सुटतात, ते बोटांना कळतं. आईंना बसायला बाक आहेत. दहा मिनिटं काही न बोलता बसा.

बाहेरच्या चौकात एक छोटं स्मारक आहे. नव्याने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची 1506 ची कत्तल याच चर्चपासून सुरू झाली, त्याची ती आठवण. बाबांना इथे एक नाव सांगा: गार्सिया द ओर्ता. अशाच ज्यू घराण्यातला वैद्य. लिस्बनमध्ये शिकवायचा, पुढे गोव्यात स्थायिक झाला आणि मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. मरणानंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. या चौकातून मुंबईपर्यंत धागा असा जातो.

तिथून दक्षिणेला नदीकडे चालत निघा. आता तुम्ही बायशात आहात, आणि इथे रस्ते एकदम काटकोनात येतात. युरोपातल्या जुन्या शहरांची सवय असलेल्या माणसाला हे खटकायला हवं. जुनं शहर वेडंवाकडं असतं, हे आखीव कसं? कारण यातलं काहीच जुनं नाही. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. 1755 च्या त्या सकाळी चर्चं भरलेली होती, वेदीवर मेणबत्त्या होत्या. साडेनऊनंतर जमीन हलली. छपरं कोसळायला लागली म्हणून लोक मोकळ्या जागेकडे, म्हणजे नदीकाठी धावले. तिथे त्यांना पाणी मागे हटलेलं दिसलं आणि मग लाट आली. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पुढे काही दिवस धुमसत होती. नदीकाठचा राजवाडा त्यातल्या ग्रंथालयासह गेला. शेजारचं ऑपेरागृह उघडून जेमतेम सात महिने झाले होते, तेही गेलं. राजा पहिला जोझे त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. पुढे त्याला दगडी छताखाली झोपायची इतकी धास्ती बसली की दरबार आझुदाच्या टेकडीवर तंबूंत आणि लाकडी वाड्यात भरत असे.

शहर पुन्हा उभं केलं ते मंत्री सेबाश्तियाँव जोझे द कार्व्हाल्यु इ मेलु याने. पुढे त्याला मार्केश द पोंबाल हा किताब मिळाला आणि इतिहास त्याला पोंबाल म्हणूनच ओळखतो. त्याने राज्यभरातल्या चर्चांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ जाणवला, कोणत्या दिशेने आला, पाणी किती चढलं, विहिरींचं काय झालं. देवाचा कोप म्हणून गप्प न बसता मोजमाप करण्याचा हा प्रयत्न भूकंपशास्त्राची सुरुवात मानला जातो.

आणि त्याच्या इंजिनियरांनी घरं बांधली ती 'गायोला' पद्धतीने. गायोला म्हणजे पिंजरा. भिंतीच्या आत लाकडाची उभी-आडवी चौकट, तिच्यात फुलीसारखे तिरके वासे, आणि मधल्या पोकळीत दगड-विटा. जमीन हलली की लाकूड थोडं वाकतं, भिंत एकदम कोसळत नाही. नमुन्याच्या चौकटीभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून ती तपासली, असं इथे सांगतात. पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे लगेच समजेल. आपल्याकडेही खांब-तुळयांचा सांगाडा आधी उभा करतात आणि विटा नंतर भरतात. बाबांना सांगा, बायशातल्या बऱ्याच जुन्या घरांच्या आत असा लाकडी सांगाडा आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रुआ दुश कुर्रेइरुश या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खननाची जागा आहे. गाइडसह मोफत दाखवतात, पण आधी वेळ ठरवावी लागते, आणि रविवारी बंद असते. खाली उतरलात की रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या दिसतात आणि त्यांच्याच शेजारी अठराव्या शतकात ओल्या जमिनीत ठोकलेले लाकडी खुंट. सगळी बायशा अशा खुंटांवर उभी आहे. एका खोलीत दीड हजार वर्षांचं अंतर हातभर दिसतं. पायऱ्या थोड्या आहेत, आईंना नको असेल तर त्या वरच्या रस्त्यावर कॉफी घेतील.

रस्त्यांची नावं वाचत चला. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्या पेठांत कासार आळी, तांबट आळी असते तसंच, फक्त इथे ते सरकारी हुकमाने आखलेलं आहे. दुकानांच्या पाट्याही वाचा. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर 'शाव्ह' असं दिसेल, ती आपली चावी. भाजीवाल्याकडे बताता आणि कोव्ह, म्हणजे बटाटा आणि कोबी. बेकरीत पांव. बाल्द म्हणजे बादली, फिता म्हणजे फीत, कॅलेंडरवर डिसेंबरात नाताल. आमच्या वसईत चर्चमधल्या प्रार्थनेला अजून मिस्सा म्हणतात, आणि इथे चर्चच्या दारावर वेळा लिहिलेल्या असतात त्यावर तोच शब्द असतो. मराठीत बोलत फिरणाऱ्या आईंना हे शब्द ओळखीचे लागायला लागले की शहर परकं वाटत नाही. मी हे प्रत्येक वेळी पाहते.

रस्ता नदीवर उघडतो तो प्रासा दु कोमेर्सियु या भव्य चौकात. म्हातारे लोक अजून त्याला तेरेइरु दु पासु, राजवाड्याचं आवार, म्हणतात. राजवाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली तरी नाव गेलं नाही. मधला घोड्यावरचा राजा तोच जोझे. पुतळा 1775 चा, मशादु द काश्त्रु या शिल्पकाराचा. घोड्याच्या पायाखालचे साप नक्की दाखवा.

इथून वर, शियादु या टेकडीवरच्या भागात जायचं तर एक युक्ती. बायशा-शियादु हे मेट्रो स्टेशन टेकडीच्या पोटात आहे. खालच्या, म्हणजे बायशाच्या दारातून आत शिरा, सरकत्या जिन्यांच्या लांबच लांब रांगा चढा आणि वरच्या दाराने बाहेर पडा. तुम्ही टेकडीवर. तिकीटही लागत नाही, कारण गेटमधून जावं लागत नाही. सांता जुश्ता हा 1902 चा लोखंडी उद्वाहक दिसायला देखणा आहे, पण रांग तासाभराची असते. तो खालून बघा. आणि एक गंभीर गोष्ट. तारेने ओढल्या जाणाऱ्या जुन्या चढरेल्वेंपैकी ग्लोरियाचा डबा 3 सप्टेंबर 2025 रोजी घसरला आणि 16 माणसं गेली. त्यानंतर अशा सेवा तपासणीसाठी बंद ठेवल्या गेल्या. जुन्या पुस्तकांत "ग्लोरियाने वर जा" असं लिहिलेलं असेल, त्यावर बेत आखू नका.

शियादुत रुआ गार्रेत्तवर बेर्त्रांद हे पुस्तकांचं दुकान आहे, 1732 मध्ये सुरू झालेलं. भूकंपात जागा गेली, काही वर्षं दुसरीकडे थाटलं आणि मग या रस्त्यावर आलं. पाच मिनिटं आत जा. मग कार्मुला. थोडा चढ आहे, हात धरून सावकाश जा, कारण शनिवारचं हे सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण आहे आणि रविवारी ते बंद असतं.

कार्मु हा 1389 मध्ये स्थापलेला मठ. भूकंपात त्याच्या चर्चचं छत कोसळलं आणि ते पुन्हा घातलंच नाही. आज आत गेलं की दोन्ही बाजूंना टोकदार कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये आकाश. जिथे फरशी असायची तिथे हिरवळ. पाऊस असेल तर पाऊस आत पडतो. छत्री उघडून चर्चमध्ये उभं राहायचा अनुभव मी दुसरीकडे कुठे घेतलेला नाही. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं पाहिलेल्या माणसाला इथे पोटात कालवतं. तिथली चर्चं मराठ्यांनी 1739 मध्ये वसई घेतल्यानंतर ओस पडत गेली, त्यांच्या घंटा आपल्या लोकांनी भीमाशंकरला आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळात नेऊन टांगल्या. इथे सोळा वर्षांनी भूकंपाने तेच केलं. दोन्हीकडे कमानी सारख्याच उघड्या. बाबांना इथे अर्धा तास एकटं सोडा.

बाहेरच्या छोट्या चौकात बाक आणि झाडं आहेत. 25 एप्रिल 1974 ला पंतप्रधान मार्सेलु काएतानु याच चौकातल्या बराकीत लपला होता आणि इथेच त्याने सत्ता सोडली. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली, म्हणून कार्नेशन क्रांती. आपल्याशी त्याचा संबंध असा की या क्रांतीनंतरच्या सरकारने त्याच वर्षाअखेर गोवा, दमण, दीव भारताचे असल्याचं मान्य केलं. तोवर तेरा वर्षं पोर्तुगालच्या लेखी गोवा त्यांचाच होता.

दुपारी हॉटेलवर या आणि आईंना दोन तास झोपू द्या. हा वेळ फुकट नाही, रविवार त्यावरच चालतो.

नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला किंवा त्याआधीच मावळतो, त्यामुळे चारच्या आत पुन्हा बाहेर पडा. 28 नंबरच्या ट्रामचा हट्ट सोडा. डबे जुने आणि गोड आहेत, पण उभ्याने, घुसमटत, पाकीट सांभाळत जावं लागतं. खिसेकापूंचं ते आवडतं ठिकाण आहे. त्याऐवजी 12 नंबरची ट्राम घ्या. तसलाच पिवळा लाकडी डबा, आल्फामाला वळसा घालून परत येतो. ती भरलेली असेल तर फिगेइरा चौकातून 737 ही छोटी बस टेकडीवर जाते. पोर्ताश दु सोल आणि त्याच्या खालचं सांतालुझिया हे शहराचा देखावा दिसणारे दोन सज्जे ट्रामच्या वाटेवरच आहेत.

आल्फामा हे नाव अरबी, गरम झऱ्यांवरून पडलेलं. 1147 मध्ये आफोंसु एंरिकेश राजाने क्रुसेडरांच्या मदतीने मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, लिस्बन घेतलं, त्याआधीपासूनची ही वस्ती आहे. खडकावर बसलेली म्हणून 1755 मध्ये ती बरीच तगली. सज्जावरून खाली बघा: गल्ल्या कुठूनही कुठेही वळतात, दोऱ्यांवर कपडे वाळताहेत. सकाळी पाहिलेली काटकोनी बायशा आठवा. मधे फक्त एक टेकडी आणि भूकंपाचा तो एक दिवस आहे. सांतालुझियाच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचा मोठा फलक आहे, त्यात भूकंपापूर्वीचा राजवाड्याचा चौक रंगवलाय. सकाळी ज्या मोकळ्या जागेत उभे होतात तिथे काय होतं ते बाबांना इथे सापडेल.

किल्ला का काढला ते इथूनच सांगते. दिसतो तो बराचसा 1940 च्या सुमाराला डागडुजी करून उभारलेला आहे. तटावर चढायला कठड्याविना पायऱ्या आहेत आणि देखावा या सज्जावरून मिळतो त्याहून फार वेगळा नाही. राजगड-सिंहगड पाहिलेल्या माणसाने लिस्बनच्या दोन दिवसांतले दोन तास त्यासाठी देऊ नयेत. त्याऐवजी त्याच ट्रामने 'से' या कॅथीड्रलपाशी उतरा आणि अंधार पडायच्या आत हॉटेलवर परता.

जेवणाचं. "सें कार्न, सें पेइश" म्हणजे मांस नको, मासे नको. दोन्ही म्हणा, कारण नुसतं मांस नको म्हटलं की मासे आणून ठेवतात. काल्दु वेर्द हे पालेभाजीचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात शोरिसु सॉसेजची चकती असते. भाज्यांचं साधं सूप मागताना आत काय आहे ते विचारा. कॅफेच्या काउंटरवर 'शामूसा' दिसेल. हा गोव्यामार्गे आणि मोझांबिकमार्गे आलेला आपलाच समोसा, पण आत बहुधा खिमा असतो. बसल्याबसल्या टेबलावर पांव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी रागवत नाही. पोटभर वरणभातासारखं हवं असेल तर मार्तिं मोनिशच्या आजूबाजूला भारतीय, बांगलादेशी आणि नेपाळी खानावळी पुष्कळ आहेत. आईंना तिसऱ्या जेवणाला तिथेच न्या. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतील, नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम. कागदाच्या पुडीत गरम गरम घ्या.

फादोसाठी रात्री उशिराचं, जेवणासह असलेलं घर घेऊ नका. तिथे ताट मांसमाशांचं असतं आणि पैसे त्याचेच असतात. संध्याकाळी लवकर, जेवणाविना तासाभराचे कार्यक्रम होतात, ते घ्या. दिवे मंद होतात, बारा तारांची पोर्तुगीज गितार्रा सुरू होते आणि सगळे गप्प होतात. मोबाइल खिशात, कुजबुजही नको. शब्द कळणार नाहीत. आईंना कळण्याची गरज पडणार नाही.

रविवारी बेलें. काइश दु सोद्रेहून काश्काइशच्या लोकलने काही मिनिटांत पोहोचाल. 15 नंबरची ट्रामही जाते, पण लोकलमध्ये बसायला मिळतं. बेलें भूकंपातून बऱ्यापैकी वाचलं, म्हणून शनिवारी जे नाहीसं झालेलं पाहिलंत ते ज्या पैशावर उभं होतं, त्याचा उरलेला पुरावा इथे आहे.

जेरोनिमुश मठाची तिकिटं आधीच वेळ ठरवून काढा. राजा मानुएलने हे काम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं आणि त्यासाठी मसाल्याच्या व्यापारावर 5 टक्क्यांच्या आसपास कर लावला. मलबारच्या मिऱ्यांवर उभा राहिलेला हा दगड आहे. ओवरीत फिरताना कमानींवर बघा: जहाजाचे दोर, गाठी, शिंपले, समुद्री वनस्पती, सगळं चुनखडीत कोरलेलं. दोराचे पीळ इतके खरे की बोट लावून मोजावेसे वाटतात. ओवरीत सपाट चालायचं असतं, खालचा मजला आईंना पुरेल.

मठाच्या चर्चचं दार लागूनच आहे, पण रविवारी सकाळी मिस्सा चालू असताना फिरायला सोडत नाहीत. म्हणून आधी ओवरी, मग नदीकाठ आणि चर्च दुपारी, असा क्रम ठेवा. आत शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची दगडी समाधी. हात जोडून निजलेला पुतळा, बाजूला जहाज कोरलेलं. 8 जुलै 1497 ला तो इथूनच निघाला, मे 1498 मध्ये कालिकतला पोहोचला. 1524 च्या डिसेंबरात नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला वारला, तिथेच पुरला गेला, 1539 मध्ये त्याला पोर्तुगालला आणलं आणि 1880 मध्ये या चर्चमध्ये. उजव्या हाताला महाकवी कामोंइश, ज्याने आयुष्यातली काही वर्षं गोव्यात काढली. बहुतेक लोक या दोघांचे फोटो काढून परततात. तुम्ही वेदीपर्यंत जा. राजांच्या शवपेट्या तिथे संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. पोर्तुगालच्या राजाला मेल्यावर खांद्यावर घ्यायला आपल्याकडचे हत्ती लागले, हे मला दरवेळी पाहून थांबायला होतं.

नदीकाठचं जहाजाच्या आकाराचं उंच स्मारक 56 मीटरचं आहे. शोधसफरींचं म्हणून ते हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत 1960 मध्ये कायमस्वरूपी बांधलं. पुढच्याच वर्षी, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला. या दोन तारखा शेजारी ठेवून त्या दगडी चेहऱ्यांकडे बघा. साम्राज्य संपताना ते सगळ्यात उंच स्मारक बांधतं, असं मला तिथे उभं राहिलं की वाटतं.

बेलेंचा बुरूज साधारण 1514 ते 1519 मध्ये बांधलेला. आतला जिना अरुंद आणि गोल आहे. आईंना तो नकोच, आणि दुरुस्तीची कामं चालू असतात म्हणून तो उघडा आहे की नाही यावर बेत अवलंबून ठेवू नका. बाहेरून वायव्य कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली बघा. एक झिजलेलं तोंड दिसेल. तो गेंडा आहे. गुजरातच्या मुझफ्फरशहाने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसु द आल्बुकेर्कला भेट दिला होता. 1515 च्या जानेवारीत तो जहाजात चढवला आणि मेमध्ये लिस्बनला उतरला. युरोपाने रोमनांनंतर गेंडा पाहिलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्ती पळून गेला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीजवळ जहाज बुडून मेला. इथले लोक त्याला गांदा म्हणत, आपल्याच गेंड्याचं पोर्तुगीज रूप.

आणि हो, बेलेंचे पाश्तेल, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत गोड सारण भरलेले छोटे केक. मठ बंद झाल्यावर तिथली कृती घेऊन 1837 मध्ये सुरू झालेलं निळ्यापांढऱ्या टाइल्सचं दुकान मठाच्या जवळच आहे. दारातली लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे जागा लवकर मिळते आणि आईंना बसता येतं. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं सारण असतं, ते आधी सांगा. आधी नुसता एक घास घ्या, मग दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरा. पापुद्रा गरम असतानाच कुरकुरतो.

विमान रात्री नऊनंतरचं असेल तर पाचच्या सुमाराला काइश दु सोद्रेहून काशील्याशची बोट घ्या. दहा मिनिटांचा प्रवास, तेच कार्ड चालतं. पलीकडे उतरून लगेच पुढच्या बोटीने परत या. परतताना समोर सगळं शहर असतं: उजव्या हाताला आल्फामाची टेकडी, मधे बायशाचा सपाट पट्टा, वर कार्मुच्या कमानी. नदीवर वारा बोचरा असतो, आईंची शाल हाताशी ठेवा. बॅगा हॉटेलवरून उचलून विमानतळावर दोन तास आधी पोहोचा, रविवारी रात्री सुरक्षा तपासणीची रांग मोठी असते. पाश्तेल घरी न्यायचे असतील तर सहा पाश्तेल मावणारी कागदी नळी हातातल्या सामानात ठेवा आणि सोमवारी सकाळी ओव्हनमध्ये गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको.